पेशंटजवळ थांबणाऱ्या माणसासाठी: दवाखान्यात लागणारा संसर्ग टाळायचा कसा

हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला माणूस दोन-तीन दिवसांत घरी जायला हवा, पण टाक्यांत पू होतो आणि मुक्काम पंधरा दिवसांवर जातो. पॅरालिसिसचा झटका आलेल्या आजी हळूहळू सावरत असतात, तेवढ्यात हुडहुडी भरून ताप चढतो; लघवीच्या नळीवाटे शिरलेले जंतू रक्तात पोचलेले असतात. ज्यासाठी ॲडमिट केलं ते दुखणं बरं होत आलेलं असतं आणि नव्या दुखण्यानं बिल वाढत जातं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा खुडा चालू असताना घरातला कर्ता माणूस असा दवाखान्यात अडकला, तर त्या घराचं वर्षाचं गणित कोलमडतं.

दाखल झाल्यावर साधारण 48 तासांनंतर सुरू झालेला, येताना अंगात नसलेला संसर्ग हा दवाखान्यात लागलेला मानतात. ऑपरेशनच्या जखमेत मात्र तो 30 दिवसांपर्यंत, आणि आत रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर 90 दिवसांपर्यंत दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर 100 रुग्णांपैकी 7 जणांना, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दर दहांपैकी एकाचा त्यात जीव जातो. हातांची स्वच्छता आणि इतर कमी खर्चाचे उपाय नीट पाळले तर यातले 70 टक्के संसर्ग टळू शकतात, असंही हीच संघटना सांगते. मला हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मी नाशिकमध्ये संसर्ग नियंत्रणाचं काम करते. सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, पार धुळे-नंदुरबारहून पेशंट इथे येतात. कुणी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, कुणी नाशिकरोडच्या बिटकोत, कुणी मुंबई नाक्याच्या आसपासच्या खासगी दवाखान्यांत. बरोबर एक माणूस थांबतो: मुलगा, सून, भाऊ, कधी शेजारी. मोठ्या डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा असतो, सिस्टरच्या वाट्याला एका वेळी कितीतरी पेशंट असतात. कॉटजवळ सगळ्यात जास्त वेळ असतो तो हा माणूस. हा लेख त्याच्यासाठी आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर पायरी 4 तेवढी वाचा.

पायरी 1: ऑपरेशन ठरलेलं असेल तर तयारी घरापासून

साखर आधी पाहा. मधुमेह असेल आणि साखर चढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती वाढते. आठवडाभर थांबून साखर आटोक्यात येणार असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर थांबण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करायला हवी. अंगावर गळू असेल, दाढ सुजलेली असेल, लघवीला जळजळ असेल तर ते लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून लोक गप्प राहतात, आणि तोच जंतू मग बसवलेल्या सांध्यापर्यंत पोचतो.

आता केसांचं. गावाकडे अजूनही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हाव्याला बोलावून पोट, मांडी वस्तऱ्यानं साफ करून घेतात. हे करू नका. वस्तऱ्यानं त्वचेला डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस शक्यतो काढायचेच नसतात. काढावेच लागले तर दवाखान्यात ऑपरेशनच्या सुमारास क्लिपर मशीननं काढतात. दवाखान्यात कुणी रेझर घेऊन आलं तर "क्लिपर मिळेल का?" एवढं विचारा. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबण लावून स्वच्छ अंघोळ करा आणि धुतलेले कपडे घाला. नखं कापा, नेलपॉलिश काढा.

दवाखाना निवडायला सवड असेल तर एक चक्कर मारून या. प्रत्येक कॉटजवळ किंवा निदान प्रत्येक खोलीत हँडरबची (हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाची) बाटली आहे का, आणि ती दाबली की काही येतं का? बेसिनजवळ साबण आहे का? पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत कचरा वेगळा जातोय की सगळं एकत्र? काउंटरवर विचारा, "तुमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलचं काम कोण बघतं?" एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या रुग्णालयात अशी टीम असावीच लागते. सरकारी दवाखान्यांसाठी 2015 पासून केंद्राची कायाकल्प योजना आहे, तिच्यातही स्वच्छतेबरोबर संसर्ग नियंत्रणाला गुण असतात. उत्तर देताना समोरच्यानं नाव सांगितलं तर बरं लक्षण समजा. "सगळं व्यवस्थित असतं हो" एवढंच म्हणाला, तर पुढे आणखी विचारा.

पायरी 2: पहिला दिवस, आणि भेटायला येणारी मंडळी

पिशवी, डबा, चपला कॉटवर ठेवू नका. बाजूचं टेबल रिकामं ठेवा म्हणजे मावशींना ते पुसता येतं. उरलेलं जेवण आणि कागद साध्या कचऱ्याच्या डब्यात टाका. रंगीत डबे वैद्यकीय कचऱ्याचे असतात. खाली सुई पडलेली दिसली तर हात लावू नका, सिस्टरला बोलवा.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे, हे मला कळतं. आपल्याकडे बघायला गेलं नाही तर माणसं मनाला लावून घेतात. गावाकडून जीप भरून येतात, कॉटवर बसतात, पेशंटचा हात हातात घेतात, मग ओळखीचं कुणी शेजारच्या कॉटवर असेल तर तिकडेही जातात. या एका फेरीत चार पेशंटचे जंतू इकडचे तिकडे होतात. घरातल्या एका वडीलधाऱ्यानं सगळ्यांना फोन करून सांगावं: सर्दी-खोकला, जुलाब किंवा अंगावर फोड असतील त्यांनी येऊ नये, लहान मुलांना आणू नये, एका वेळी एकानं आत जावं, खुर्चीवर बसावं. सुनेनं सांगितलं तर राग येतो, काकांनी सांगितलं तर चालतं. म्हणून काकांनाच सांगायला लावा.

श्रद्धेच्या गोष्टींबद्दलही बोलायला हवं, कारण त्या प्रत्येक वॉर्डात असतात. अंगारा कपाळाला लावा, पण जखमेवर किंवा सलाईनच्या जागेजवळ नको. मनगटातला दोरा ओला राहतो, आणि बहुतेकदा त्याच हाताला सलाईन असतं; तो उशाशी पिशवीत ठेवा. आणि कुणी रामकुंडावरचं तीर्थ आणलं असेल तर ते घरी देवघरात ठेवा. ऑपरेशन झालेल्या, आयसीयूतल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाला ते पाजणं धोक्याचं आहे, एक चमचाही.

पायरी 3: हात

दवाखान्यातले बहुतेक जंतू हातांवरून प्रवास करतात. तुमचे हातही त्यात आले. खोलीत शिरताना, पेशंटला भरवण्याआधी, भांडं किंवा डायपर बदलल्यावर, लघवीची पिशवी हाताळल्यावर आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा. कॉटचा कठडा आणि तुमचा मोबाइल यांनाही तोच नियम, कारण दिवसभर हात तिथेच असतात.

हँडरब तळहातावर घेऊन 20 ते 30 सेकंद चोळा: बोटांच्या फटी, अंगठा, बोटांची टोकं. अंगठा आणि टोकं नेहमी राहून जातात, आणि जखमेला, नळीला लागतात ती टोकंच. अंगठ्या काढून ठेवा. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणीच लागतं, आणि त्याला 40 ते 60 सेकंद द्यायचे. पेशंटला अँटिबायोटिक चालू असताना पातळ जुलाब लागले असतील तर हँडरबवर विसंबू नका. या जुलाबांमागे क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल नावाचा जंतू असू शकतो, त्याचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. हात साबणानं चोळून वाहत्या पाण्यात धुवावेच लागतात.

स्टाफला कसं सांगायचं? भीती वाटते, सिस्टर चिडतील आणि पेशंटकडे दुर्लक्ष होईल. माझा अनुभव असा की सूर नीट असेल तर बहुतेक जण राग मानत नाहीत. हँडरब हातात घेऊन "सिस्टर, घ्या" म्हणत पुढे करा. शेजारच्या कॉटवरचे ग्लोव्हज तसेच घालून कुणी तुमच्या पेशंटकडे आलं तर "ग्लोव्हज बदलता का प्लीज?" म्हणा. ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ झाले असं नसतं. एका पेशंटचे ग्लोव्हज दुसऱ्याला लावणं हे न धुतलेले हात लावण्यासारखंच आहे.

पायरी 4: प्रत्येक नळीबद्दल रोज एकच प्रश्न

त्वचा ही शरीराची तटबंदी. प्रत्येक नळी त्या तटबंदीला पाडलेलं भगदाड आहे. उपचारासाठी ते पाडावं लागतं, पण गरज संपल्यावर ते एक दिवसही उघडं राहू नये. म्हणून रोज सकाळी राउंडला डॉक्टरांना विचारा: "ही नळी आज काढता येईल का?" नळ्या चार असतील तर चारही नळ्यांबद्दल विचारा. दवाखान्यात नळी घालायचा निर्णय कुणीतरी घेतो, पण काढायची आठवण अनेकदा कुणालाच राहत नाही. ती आठवण तुम्ही व्हा. "अजून लागणार आहे, कारण..." असं उत्तर आलं तर ते वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

*हातातलं इंट्राकॅथ.* सुई काढून घेतलेली असते, आत राहते ती प्लॅस्टिकची बारीक नळी. लावल्याची तारीख पट्टीवर लिहिलेली असायला हवी. नसेल तर लिहायला सांगा. दिवसातून दोन-तीनदा बघा: भोवती लाल झालंय का, शीर दोरीसारखी कडक लागते का, सूज आहे का, औषध जाताना चटका बसतो का, पट्टी ओली किंवा सुटलेली आहे का? यातलं एक जरी असलं तर लगेच सांगा, औषधाच्या पुढच्या वेळेची वाट बघू नका. इंजेक्शन देण्याआधी सिस्टरनं इंट्राकॅथच्या तोंडाचा भाग स्पिरिटच्या कापसानं घासून वाळू द्यायचा असतो. त्याचं बारीक टोपण काढून कॉटवर ठेवलं आणि तेच परत लावलं, हे वॉर्डात सर्रास दिसतं. "सिस्टर, नवीन टोपण लावता का?" असं विचारायला काहीच हरकत नाही. सलाईन संपलं की बाटली स्वतः काढू नका, नळी स्वतः सोडवू नका. तोंडानं गोळ्या आणि पाणी चालू झालं की हे इंट्राकॅथ बहुतेकदा लागत नाही.

*लघवीची नळी.* दवाखान्यातल्या लघवीच्या संसर्गाचं मुख्य कारण हीच. ती जितके दिवस आत राहते तितका धोका वाढतो, दर दिवसामागे साधारण 3 ते 7 टक्के. उठता येत नाही, चादर ओली होते, एवढ्यासाठी ती ठेवायची नसते. त्यासाठी भांडं, डायपर, पुरुषांना बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर हे पर्याय आहेत. कुटुंबालाही नळी सोयीची वाटते आणि कुणी काढायचा विषय काढत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कायम कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. सोनोग्राफीला नेताना काय होतं ते बघा: मामा स्ट्रेचर आणतात, पेशंटला उचलून ठेवतात आणि पिशवी त्याच्या पोटावर टाकतात. लिफ्टची वाट बघत पाच मिनिटं जातात, तेवढ्यात पिशवीतली शिळी लघवी उलटी मूत्राशयात जाते. त्या वेळी तुम्ही पिशवी हातात घ्या आणि स्ट्रेचरच्या पातळीखाली धरून चाला. हलवण्याआधी ती रिकामी करून घेतली तर आणखी चांगलं. नळीला पीळ किंवा मोड पडू देऊ नका. पिशवी दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी व्हावी, तिच्या तोटीचं टोक भांड्याला टेकू नये, आणि एका पेशंटचं भांडं दुसऱ्याला वापरू नये. नळी आणि पिशवीचा सांधा सोडवायचा नाही. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्यानं धुतली की पुरे.

आणखी एक. नळी असताना लघवी गढूळ दिसली किंवा तपासणीत जंतू निघाले म्हणजे लगेच अँटिबायोटिक हवंच असं नाही. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, अचानक गुंगी अशी लक्षणं नसतील तर सहसा औषध देत नाहीत. डॉक्टरांनी दिलं नाही म्हणून भांडू नका.

*मानेतली किंवा मांडीतली मोठी लाइन, डायलिसिसचं कॅथेटर.* याला तुम्ही अजिबात हात लावायचा नाही. तिचं टोक हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत असतं, तिथून गेलेला जंतू थेट रक्तात. ड्रेसिंग ओलं, रक्तानं भरलेलं किंवा सुटलेलं दिसलं की सांगा. डायलिसिसचं कॅथेटर घेऊन घरी जाणाऱ्यांनी ते अंघोळीत भिजू द्यायचं नाही.

*व्हेंटिलेटर आणि नाकातली रायल्स ट्यूब.* डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर कॉटची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी. सपाट झोपवलेल्या माणसाच्या पोटातलं आणि तोंडातलं पाणी फुप्फुसात उतरतं, आणि न्यूमोनिया होतो. तोंडाची स्वच्छता रोज होते का, विचारा. ट्यूबमधून दूध किंवा पेज देताना आणि दिल्यावर तासभर पेशंट वर टेकलेलाच राहू द्या. आणि नारळपाण्याचा मोह आवरा. झटका आलेल्या माणसाला नातेवाईक मायेनं चमच्यानं नारळपाणी पाजतात, तो गिळतोय असं वाटतं, पण ते श्वासनळीत जात असतं. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तोंडात काही घालू नका.

जो पेशंट स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायला हवं. पाठीला, टाचांना लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून सोडल्यावरही लालीच राहिली तर ती बेडसोरची सुरुवात असते.

पायरी 5: जखम

पहिलं ड्रेसिंग साधारण 48 तास उघडायचं नसतं, ते भिजलं असेल तरच बदलतात. सतत उघडून बघायला लावू नका. ड्रेसिंग करणाऱ्यानं आधी हात स्वच्छ करावेत, निर्जंतुक पॅक तुमच्यासमोर फोडावा. जखमेवर हळद, तेल, पावडर, कुणी सुचवलेलं मलम, काही लावायचं नाही. चालायला सांगितलं असेल तर चालवा. पडून राहण्यानं छातीत कफ साचतो.

पायरी 6: अँटिबायोटिकबद्दल काय विचारायचं

ऑपरेशनच्या वेळी संसर्ग टाळण्यासाठी दिला जाणारा डोस चीर देण्याआधीच्या दोन तासांत द्यायचा असतो, आणि साध्या, स्वच्छ ऑपरेशनला त्यानंतर दिवसेंदिवस इंजेक्शनं चालू ठेवायची गरज नसते. संसर्ग झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा विचारा:

– पहिल्या डोसआधी कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना घेतला का? (जीव धोक्यात असेल तर औषध थांबवत नाहीत, पण रक्त आधी काढून घेता येतं.)
– रिपोर्ट कधी येईल? साधारण दोन ते तीन दिवस लागतात.
– रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार का, आणि किती दिवस द्यायचं?

रिपोर्टवर जंतूचं नाव असतं. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, ई. कोलाय ही आपल्याकडच्या आयसीयूत वारंवार भेटणारी नावं. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर': एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. यादीभर आर असेल तर मेरोपेनेमसारखं औषधही निकामी झालेलं असू शकतं, मग कोलिस्टिनसारख्या मोजक्या आणि किडनीला त्रास देणाऱ्या औषधांवर यावं लागतं. "डॉक्टर, पैशाचं बघू नका, भारीतलं अँटिबायोटिक द्या" असं म्हणणाऱ्या मुलाचं प्रेम खरं असतं. पण गरज नसताना दिलेलं भारी औषध उद्या त्याच पेशंटला लागेल तेव्हा चालेनासं होतं. उलट विचारा, "रिपोर्टप्रमाणे साधं औषध चालेल का?" अशा जंतूमुळे पेशंटला वेगळं ठेवलं तर तो अपमान समजू नका. गाउन, ग्लोव्हज सांगतील तसे घाला.

या खुणा दिसल्या तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका

हुडहुडी, श्वास जलद होणं, नवीनच गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही; "बाबा सकाळपासून ओळखत नाहीत" हीच पहिली खूण असते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा आणि "सेप्सिस तर नाही ना?" असं स्पष्ट विचारा. सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं. यात काही तासांनीही फरक पडतो.

पायरी 7: घरी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनची तारीख, टाके काढायची तारीख, औषधं किती दिवस आणि त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हे लिहून घ्या. वर सांगितलेले 30 आणि 90 दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. टाक्यांचा फोटो रोज त्याच उजेडात काढा. लाली पसरतेय का ते फोटो शेजारी ठेवले की कळतं. लाली वाढली, जखम गरम लागली, पाणी किंवा पू आला, वास आला, टाका उसवला किंवा ताप आला तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. सुरगाण्याहून नाशिकला यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते, म्हणून लोक गावातच दोन इंजेक्शनं घेतात. यायचं जमतच नसेल तर निदान फोटो पाठवून फोन करा, आणि गावातल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवा.

पायरी 8: एवढं करूनही संसर्ग झाला तर

प्रत्येक संसर्ग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. खूप म्हातारा, कॅन्सरचा किंवा भाजलेला पेशंट असेल तर सगळं नीट करूनही तो होतो. पण तुम्हाला काय झालं ते कळायलाच हवं. डॉक्टरांकडे वेळ मागून बसून विचारा: कुठला संसर्ग, कुठून आला असावा, कुठला जंतू, पुढचा उपचार काय, खर्च अंदाजे किती वाढेल? उत्तरं वहीत लिहा, तारखेसह.

केसपेपर, कल्चर रिपोर्ट, ऑपरेशन नोट यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून 72 तासांत त्या द्याव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, ती वाचा. तक्रार आधी दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्या. शहरातल्या खासगी दवाखान्याकडून दाद मिळाली नाही तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे, डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. तिन्ही ठिकाणी आधी कागद मागतात, म्हणून रोजची वही, फोटो, बिलं आणि पोच घेतलेले अर्ज तारखेप्रमाणे एका फाइलला लावून ठेवा.